अडवलेल्या शेतरस्त्याची केस: तहसीलदारांकडच्या अर्जापासून सातबाऱ्याच्या नोंदीपर्यंत

शेतरस्ता अडवला की गावात दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे "कोर्टाची पायरी चढू नका, नातवंडं म्हातारी होतील" आणि दुसरा "तहसीलदाराकडं अर्ज टाका, महिन्यात रस्ता मोकळा." आमच्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही. जून २०२४ मध्ये अडवलेला रस्ता एप्रिल २०२५ मध्ये मोकळा झाला आणि सातबाऱ्यावर त्याची नोंद लागायला त्यानंतरही काही महिने गेले. मधल्या काळात मी ज्या माहितीसाठी दहा जणांची डोकी खाल्ली, ती एका जागी असावी म्हणून हे लिहिते आहे. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. समोरचे लोक भावकीतलेच आहेत, उद्या त्यांच्याच दारात हळदीकुंकवाला जायचं आहे.

आमचं अडीच एकर पाणंदीपासून, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या गावच्या वाटेपासून, आत आहे. मधे तात्यांचा गट. तात्या माझे चुलत सासरे. पाणंदीपासून त्यांच्या पूर्वेकडच्या बांधाला लागून साधारण चारशे फूट गेलं की आमचा बांध येतो. आमची जमीन आजेसासऱ्यांनी १९७८ साली विकत घेतली, तेव्हापासून बैलगाडी, मग ट्रॅक्टर, मग उसाच्या ट्रॉल्या याच वाटेनं गेल्या. ९ जूनला, रविवारी, तात्यांच्या मुलानं जेसीबी लावून शेत सपाट केलं, त्यात चाकोरी नांगरून टाकली आणि पाणंदीच्या तोंडाला बाभळीच्या काट्या ओढल्या. सगळ्या रानात ठिबक करायचं होतं. मी विचारायला गेले तर म्हणाला, "वहिनी, तुमचा रस्ता कागदावर कुठाय ते दाखवा, मग बोलू."

त्या दिवशी मोबाइलवर काढलेले फोटो पुढं फार कामी आले. दुसऱ्या दिवशी पोलिस ठाण्यात गेलो. तिथं अदखलपात्र नोंद (एनसी) झाली आणि "हे महसूलचं काम आहे" असं सांगून परत पाठवलं. तिथं आणखी काही होणारही नव्हतं, पण त्या एनसीची प्रत जरूर घ्या. अडथळा कोणत्या तारखेला झाला, याचा तो पहिला सरकारी कागद असतो. ही तारीख का महत्त्वाची, ते खाली येईलच.

मग गावपातळीवर बैठका. तंटामुक्तीचे अध्यक्ष, पोलिस पाटील, भावकीतली चार जाणती माणसं. तात्या स्वतः वाईट माणूस नाहीत. बैठकीत ते म्हणाले, "रस्ता द्यायला माझी ना नाही. पण हक्क म्हणून मागू नका. मी देतोय म्हणून जा." आणि त्यांनी एक संमतीपत्रही लिहून आणलं होतं: आमच्या परवानगीने दरसाल जाण्या-येण्यास हरकत नाही, वगैरे. आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, सही करायला तयार झाले होते. ७४ वर्षांच्या माणसाला भांडण नको असतं. मी म्हटलं, चार दिवस थांबा, वकिलांना दाखवते.

वकिलांनी कागद वाचला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, या एका सहीनं तुमची सेहेचाळीस वर्षांची वहिवाट संपेल. सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा हक्क वहिवाटीनं मिळवायचा, तर ती वहिवाट २० वर्षं शांतपणे, उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून झालेली असावी लागते. परवानगीनं चाललेली वाट कितीही वर्षं चालली तरी हक्काची होत नाही. परवानगी देणारा ती उद्या काढूनही घेऊ शकतो. एवढं ऐकल्यावर आबांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "कर काय करायचं ते."

आता मुख्य गोष्ट. शेतरस्त्यासाठी तहसीलदारांकडे जायच्या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. रस्ता होताच, तो कुणी अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ (मामलेदार म्हणजेच तहसीलदार). रस्ता नव्हताच आणि नव्यानं पाहिजे असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १४३. या दुसऱ्या कलमात तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात आणि देताना शेतकऱ्याला शेतात जायची वाजवी सोय आहे का, हे बघतात. कलम ५ मध्ये अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावाच लागतो. गावच्या बैठका, "दिवाळीनंतर बघू", "सुगी होऊ द्या" यात हे सहा महिने कसे जातात कळत नाही. आमची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला संपत होती. ती गेली असती, तर वहिवाटीचा रस्ता असूनही "नवीन रस्ता द्या" म्हणत कलम १४३ खाली जावं लागलं असतं, नाहीतर दिवाणी न्यायालयात.

कागद गोळा करायला जूनचा उरलेला महिना गेला. दोन्ही गटांचे डिजिटल सहीचे सातबारे महाभूमीच्या संकेतस्थळावरून घेतले, एका उताऱ्याला १५ रुपये. गाव नकाशाची नक्कल भूमी अभिलेख कार्यालयातून. गाव नकाशात तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग, तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग. आमच्या नकाशात पाणंद होती, पण तात्यांच्या गटातला तुकडा नव्हता. नकाशावर रेषा नाही म्हणून लोक तिथंच हाय खातात. तशी गरज नाही. कलम ५ ला वापरात असलेला रस्ता लागतो, नकाशावरचा असेल तर सोन्याहून पिवळं, एवढंच.

आमच्या बाजूनं सगळ्यात बोलका कागद निघाला तो खरेदीखत. आबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतली प्रत वाळवीनं अर्धी खाल्ली होती, म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढली. त्यात चतुःसीमेखाली, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दींच्या वर्णनाखाली, एक ओळ होती: "सदर मिळकत जाण्यायेण्याचे वहिवाटीचे रस्त्यासह, झाडझाडोऱ्यासह खरेदी दिली असे." जुन्या दस्तांत ही ओळ पुष्कळदा असते, पण ती घराघरांतल्या ट्रंकांत पडून राहते. दुसरा पुरावा माझ्या पुतण्यानं काढून दिला. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं दिसतात. त्यांत बांधाच्या कडेनं मातकट पट्टा स्पष्ट दिसत होता. त्याचे छापील कागद आणि साखर कारखान्याच्या मागच्या हंगामांच्या वजनपावत्याही जोडल्या. त्या शेतातून ऊस बाहेर पडत होता, म्हणजे कुठून तरी पडतच होता.

१५ जुलैला अर्ज दिला. अर्ज म्हणतात, पण कायद्याच्या दृष्टीनं तो दावा असतो. अडथळा कधी, कुठं, कसा झाला, रस्त्याची लांबी-रुंदी, दिशा, कच्चा नकाशा आणि शेवटी सत्यापन (लिहिलेलं खरं असल्याचं सहीनिशी सांगणं), हे सगळं लागतं. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. वकिलांची फी १२,००० ठरली, निम्मी आधी आणि निम्मी निकालानंतर. वकील न लावताही ही केस चालवता येते, गावातल्या एकानं चालवली आहे. पण त्याच्या समोरच्या बाजूलाही वकील नव्हता.

पहिला खोळंबा झाला तो नोटिसांत. तात्यांच्या सातबाऱ्यावर ते एकटे नाहीत. दोन भाऊ, एक बहीण अशी सामाईक नावं आहेत. त्यातले एक भाऊ वारले होते आणि वारसनोंद झालेली नव्हती. सातबाऱ्यावरची सगळी नावं, लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणींसकट, प्रतिवादी करावीच लागतात. मयताचे वारसही. हे आम्हाला आधीच सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर शेवटच्या टप्प्यात "मला नोटीसच मिळाली नाही" एवढ्या मुद्द्यावर निकाल परत फिरतो. बहिणीची नोटीस पुण्याच्या पत्त्यावरून परत आली, पुन्हा काढावी लागली. ऑगस्ट आणि सप्टेंबर यातच गेले.

समोरच्यांचं लेखी म्हणणं सप्टेंबरअखेर आलं. रस्ता कधीच नव्हता, असला तर आमच्या मेहेरबानीचा होता, आणि अर्जदारांना ओढ्याकडून पर्यायी रस्ता आहे. तीन वाक्यांतली पहिली दोन एकमेकांना खोडून काढतात हे आमच्या वकिलांनी पुढं युक्तिवादात बरोब्बर पकडलं. तिसरं मात्र गंभीर होतं. ओढ्याकडून वाट आहे, उन्हाळ्यात. पावसाळ्यात तिथं कमरेइतकं पाणी असतं.

पुढची तारीख लागायच्या आत १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. तहसीलचं अख्खं कार्यालय निवडणुकीत. २० नोव्हेंबरला मतदान, नंतर मोजणी, मग दमलेले कर्मचारी. या काळात मी कुणाशी वाद घातला नाही, फक्त दर वेळी रोजनाम्यावर, म्हणजे केसच्या तारखांच्या नोंदीवर, पुढची तारीख लिहिली गेली आहे का ते पाहिलं. तारीख लिहिली नाही तर प्रकरण कपाटात जातं आणि तिथून ते उठवायला वेगळी खटपट.

स्थळपाहणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. याआधी आमच्या बाजूनं तीन शेतकऱ्यांची प्रतिज्ञापत्रं द्यायची होती. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या स्टॅम्पची कामं पाचशेवर गेली, त्यामुळे बाहेर बसलेले लोक प्रत्येकी पाचशेचा स्टॅम्प घ्या म्हणत होते. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर करून दिली, ती स्वीकारली गेली. पंधराशे वाचले.

पाहणीला मंडळ अधिकारी, तलाठी भाऊसाहेब, पंच आणि दोन्ही बाजू. एकूण वीसेक माणसं बांधावर. नांगरलेल्या रानात हरभरा गुडघ्याला आला होता, रस्त्याची खूण म्हणून काही नाही. तात्यांचा मुलगा म्हणाला, "साहेब, तुम्हीच बघा, कुठाय रस्ता?" तेव्हा आबा काठी टेकत पाणंदीपासून दीडशे फुटांवर गेले आणि म्हणाले, इथं उकरा. तिथं रानातलं पाणी ओढ्याकडं जायची आडवी चारी आहे. चारीवरून गाडी जावी म्हणून एका साली दोन्ही घरांनी मिळून सिमेंटचा पाइप टाकला होता, वर मुरूम. आमच्या गड्यानं फावड्यानं वीतभर माती ओढली आणि पाइपाचं तोंड दिसलं. अजून दोन फावडी, तर मुरमाचा थर. मंडळ अधिकाऱ्यांनी विचारलं, "तात्या, रस्ता नव्हता तर पाइप कशाला टाकला?" तात्या खोटं बोलले नाहीत. "गाड्या जायच्या," एवढंच म्हणाले. ते शब्द पंचनाम्यात आले. कागदांच्या ढिगाऱ्यापेक्षा त्या पाइपानं जास्त काम केलं, असं मला अजूनही वाटतं. तुमच्या रस्त्यावर मोरी, पाइप, दगडी उतार, चाकानं झिजलेला बांध, विजेचा खांब मुद्दाम सोडून गेलेली वळणं, असं काहीही असेल तर ते आधीच हेरून ठेवा आणि पाहणीत दाखवा. पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. काही सुटलं असेल तर तिथंच लिहून घ्यायला सांगता येतं.

रुंदीवरून आमचंच आमच्याशी बिनसलं. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, केस केलीच आहे तर १२ फूट मागू. वकील म्हणाले, कलम ५ खाली होता तेवढाच रस्ता मिळतो, वाढवून नाही. आमच्या हद्दीजवळ रस्त्याचा पंचवीस-तीस फुटांचा तुकडा जेसीबीतून वाचला होता. मंडळ अधिकाऱ्यांनी टेप तिथंच लावला. १० फूट भरला. चारशे फूट लांब, १० फूट रुंद, म्हणजे साडेतीन गुंठ्यांच्या वर जमीन. तात्यांच्या जागी मी असते तर मलाही ती डोळ्यांत खुपली असती. त्यातून एक पै मोबदला नाही, आणि सातबारा त्यांच्याच नावावर. आपल्याला मिळतो तो फक्त जाण्यायेण्याचा हक्क. तिथं ट्रॉली लावून ठेवायची नाही, कडेला झाड लावायचं नाही, रस्ता रुंदावायचा नाही. हे आपल्या बाजूच्या लोकांनाही सांगावं लागतं.

तेवढ्यात उसाला तोड आली. कारखान्याचा चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस) म्हणाला, ट्रॉली बांधाला लागत असेल तरच टोळी पाठवतो. डोक्यावर मोळ्या वाहायच्या तर टोळीनं नेहमीच्या खुशालीवर (मजुरीशिवाय द्याव्या लागणाऱ्या वरच्या पैशांवर) आणखी पैसे मागितले. शेवटी उत्तरेकडचे शेजारी काका म्हणाले, माझं सोयाबीन निघून रान मोकळं आहे, यंदा इकडून न्या. वकिलांना विचारलं तर म्हणाले, न्या, पण काकांकडून लिहून घ्या की ही परवानगी फक्त या तोडणीपुरती आहे. कागद केला, काकांचा बांध पुन्हा घालून दिला. आणि खरंच, पुढच्या तारखेला समोरच्या वकिलांनी ट्रॉलीचे फोटो दाखवून "बघा, पर्यायी रस्ता" म्हटलंच. आम्ही काकांचं पत्र पुढं केलं. तात्यांच्या संमतीपत्रात जी गोष्ट आमच्या विरुद्ध जाणार होती, तीच इथं आमच्या उपयोगाची ठरली.

निकाल १७ फेब्रुवारी २०२५ ला. वहिवाटीचा १० फूट रस्ता पूर्वेकडच्या बांधालगत खुला करावा, पुन्हा अडथळा करू नये, उभं पीक निघाल्यावर अंमलबजावणी करावी. शेवटची अट मला त्या दिवशी टोचली, आता ती योग्य वाटते. हरभऱ्यावर जेसीबी घातला असता तर भांडण पुढच्या पिढीत गेलं असतं. निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी त्याच दिवशी अर्ज करा.

कलम ५ च्या निकालावर अपील नसतं. कलम २३ खाली फेरतपासणी अर्ज करता येतो आणि तो बहुधा प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, चालतो. म्हणून आम्ही लगेच प्रांत कार्यालयात कॅव्हेट टाकलं, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज. ते ९० दिवस टिकतं. मार्चमध्ये तात्यांच्या मुलानं फेरतपासणी केली आणि स्थगिती मागितली. कॅव्हेटमुळे आम्हाला बोलावलं गेलं, ऐकून घेतलं, स्थगिती मिळाली नाही. कॅव्हेट नसतं तर एकतर्फी स्थगितीवर पावसाळा गेला असता. कलम १४३ चा निकाल असेल तर नियम वेगळे आहेत. तिथं अपील आहे, किंवा एक वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो.

एप्रिलमध्ये कलम २१ प्रमाणे अंमलबजावणी झाली. आम्ही पोलिस बंदोबस्ताची मागणी लेखी केली होती, त्यामुळे दोन शिपाई आले, तसं काही घडलं मात्र नाही. तात्या आलेच नाहीत. मंडळ अधिकाऱ्यांनी चुना टाकून रेषा मारल्या, जेसीबीनं ठिबकच्या नळ्या नीट गुंडाळून बाजूला ठेवल्या (हे आम्ही मुद्दाम सांगितलं होतं, नुकसानीचा नवा वाद नको), माती ओढली. जेसीबीचे तासाला १,२०० प्रमाणे पैसे आणि मुरमाच्या ट्रिपा आमच्याकडून. ताबा दिल्याचा पंचनामा आणि फोटो, त्याच्याही प्रती घेतल्या.

२२ मे २०२५ च्या शासन निर्णयात शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या "इतर हक्क" सदरी घ्यायला सांगितलं, तेव्हा आम्ही पुन्हा एक अर्ज दिला. त्याच निर्णयात रस्ता ३ ते ४ मीटर रुंद असावा असंही आहे. आमचे १० फूट म्हणजे तीन मीटरला चिकटून. नोंद आपल्या नाही, तर ज्याच्या जमिनीतून रस्ता जातो त्याच्या सातबाऱ्यावर लागते. त्यामुळे फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची, नोटीस तात्यांना गेली, हरकतीसाठी १५ दिवस मिळाले. हरकत आली नाही. प्रांतांनी फेरतपासणी ऑगस्टमध्ये फेटाळली आणि त्यानंतर मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. उद्या तात्यांच्या मुलांनी ती जमीन विकली, तर घेणाऱ्याला आमचा रस्ता आधीच दिसेल.

या सगळ्यानंतरही दिवाणी न्यायालयाचा दरवाजा दोघांनाही उघडा आहे. मामलेदार न्यायालयाचा निकाल दिवाणी हुकुमाच्या अधीन असतो. तात्यांचा मुलगा जाईल असं मला वाटत नाही, या हंगामात त्यानं त्याच रस्त्यावरून स्वतःची ट्रॉली नेली. तरी वकिलांच्या सांगण्यावरून मूळ खरेदीखताची नक्कल, पाहणीचा पंचनामा, निकाल, ताबा पंचनामा आणि काकांचं पत्र यांचे दोन संच केले आहेत. एक घरात, एक नणंदेकडे पुण्याला. ट्रंकेत आता वाळवीची पावडर टाकली आहे.